मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरचं ऑइल फिल्टर करून घेतलं, काम एकदम चोख

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचं युनिट आहे, पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली (आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषणारी) निळी सिलिका जेल ओलाव्याने पार गुलाबी झाली, आधीच्या पार्टीने नुसतं तेल टॉप-अप करून बिल हातात दिलं होतं. ह्या लोकांनी आधी खालच्या व्हॉल्व्हमधून सॅम्पल काढलं (पाणी तळाशीच बसतं ना), 2.5 मिमी गॅपवर बीडीव्ही टेस्ट (तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ते बघायची) आमच्यासमोर केली, 22 केव्हीलाच ठिणगी पडली, पोटात गोळाच आला. मग तेल 60 डिग्रीच्या आसपास गरम करून व्हॅक्यूममधून रात्रभर फिरवलं, सकाळी रीडिंग 62 केव्ही! तेलाची ॲसिडिटी वाढली असती तर नुसत्या फिल्टरने भागलं नसतं, हेही त्यांनीच समजावलं. रिपोर्ट तेवढा चार दिवस उशिरा आला.