लाल कांगारू बघायचा की झाडावरचा?

सिडनीला लेकीकडे निघालेल्या एका काकांना जंगलातला कांगारू बघायचाय, पण आउटबॅकमधला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, ओसाड भागातला लाल की क्वीन्सलँडचा झाडावर राहणारा लुमहोल्ट्झ हे ठरेना. काका, टूरवाल्यांचे ब्रोशर आधी बाजूला ठेवा.

दगदग म्हणाल तर लालसाठी स्टर्ट नॅशनल पार्क, तिथलं टिबूबरा गाव सिडनीपासून जवळपास १,२०० किमी, पार्कातले रस्ते कच्चे, पाऊस झाला की बंद, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर. लुमहोल्ट्झसाठी केर्न्सचं विमान, मग मलांडा गावापर्यंत दीडेक तास गाडी, झालं.

पण दिसेल का? इथे लाल जिंकतो, सकाळ-संध्याकाळ उघड्या माळावर चरतो, मोठा नर ८० किलोच्या पुढे, लपणार कुठे! लुमहोल्ट्झ ७-८ किलोचा, बहुतेक रात्रीचा, दिवसा पानांत गोळा होऊन झोपतो, मान दुखेपर्यंत वर बघत बसा. उतरतो मात्र उलटा, शेपटी आधी, ते बघण्यासारखं.

संवर्धनाचं म्हणाल तर लाल लाखोंनी आहेत, दुष्काळात संख्या पडते, पावसानंतर पुन्हा भरते, सरकारी कोट्यात शिकारही चालते. लुमहोल्ट्झचं तसं नाही हो, शेतीसाठी मलांडाच्या आसपासचं, ॲथर्टन पठारावरचं रेनफॉरेस्ट तोडलं, तुकडे उरले, एकातून दुसऱ्यात जाताना गाडीखाली येतात नाहीतर कुत्रे मारतात.

हाताशी आठवडा आणि गाडी चालवायला जावई असेल तर लाल. दोन-तीनच दिवस, गुडघे बरे आणि धीर असेल तर मलांडा, फक्त रात्री तिथे गाडी हळू चालवा.