अ‍ॅमट्रॅकचा बिझनेस क्लास: पैसे भरले ते सीट नंबरचे

आई भारतातून आली होती. वय ७४, गुडघे कुरकुरणारे. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेच्या, म्हणजे अ‍ॅमट्रॅकच्या, नॉर्थईस्ट रीजनल गाडीने जायचं ठरलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. कोचपेक्षा, म्हणजे साध्या वर्गापेक्षा, माणशी ३८ डॉलर जास्त.

आत शिरल्या शिरल्या आई म्हणाली, "एवढंच?"

बरोबरच होतं तिचं. डबा तोच, १९७०च्या दशकातला अ‍ॅमफ्लीट. खिडक्या तशाच बुटक्या, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीटा. पाय पसरायला जागा जरा जास्त, एवढं खरं. पण इथल्या साध्या कोचमध्येही एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंत ३९ इंच मिळतात. विमानाच्या इकॉनॉमीत ३०-३१ इंचांत घडी घालून बसणाऱ्याला तेच ऐसपैस वाटतं. वाय-फाय दोन्हीकडे फुकट. बिझनेसवाल्यांना कॅफे कारमधली कॉफी फुकट असते. आईने दोन घोट घेतले आणि कप माझ्याकडे सरकवला.

पैसे वसूल झाले ते गाडीत बसायच्या आधीच, न्यूयॉर्क स्टेशनच्या मोयनिहान हॉलमध्ये. गाडी कुठल्या ट्रॅकवर लागणार हे तिथे सुटायच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आधी बोर्डावर येतं. आलं रे आलं की सरकत्या जिन्याकडे झुंबड. कोचमध्ये सीट नंबर नसतो. जो आधी पोहोचेल त्याची खिडकी. शेजारी शेजारी दोन जागा हव्या असतील तर पळा. एकटा असलो की मीही पळतो. त्या दिवशी तिकिटावर नंबर होते, म्हणून गर्दी खाली उतरेपर्यंत आई बाकावर बसून पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत राहिली. मग आम्ही लिफ्टने सावकाश गेलो.

एकटा जाणार असेन तर मी बिझनेसला हातही लावत नाही. कोचमधली क्वाएट कार गाठतो. तिथे फोनवर बोलायचं नाही, आपसातही कुजबुजतच. आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. अ‍ॅसेलाचं मात्र तसं नाही. अ‍ॅमट्रॅकच्या त्या वेगवान गाडीत बिझनेस हाच सर्वांत खालचा वर्ग आहे, नावावर जाऊ नका.

परतीला मी कोचची तिकिटं काढली आणि अपग्रेडसाठी, म्हणजे कोचमधून बिझनेसमध्ये जायला, बोली लावून पाहिली. बोलीचा काटा सरकवत किमान आकड्यावरच थांबलो (कोकणस्थी हात!). अर्थातच बोली लागली नाही. गाडी व्हर्जिनियाहून आलेली, त्यामुळे वॉशिंग्टनला डिझेल इंजिन काढून विजेचं जोडेपर्यंत दिवे बंद. पण निम्मा डबा तिथेच उतरला होता. अंधारातच शेजारच्या दोन सीटा मिळाल्या, खिडकीसकट.

दिवे आल्यावर आईने पाय लांब केले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मग जाताना जास्तीचे पैसे कशाला भरलेस?"