दया-अभिजीतच्या जुन्या कॅसेटी फाइलमध्ये उतरवायच्या असतील तर: चरईतल्या एका दुकानाचा आढावा

ठाणे पश्चिमेला चरईत, तलावपाळीपासून पायी अंतरावर, व्हीएचएस कॅसेटी संगणकाच्या फाइलमध्ये उतरवून देणारं एक छोटं दुकान आहे. लग्नामुंजींच्या कॅसेटी हे त्यांचं रोजचं काम. हा आढावा मात्र वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी आहे. ज्यांच्या माळ्यावर केबलवरून टेप केलेले ‘सीआयडी’ या गुन्हे-तपासाच्या हिंदी मालिकेचे भाग पडून आहेत आणि त्यातल्या दया-अभिजीत या दोन पोलीस अधिकाऱ्यांचं नातं नेमकं कसलं, हा वाद ज्यांच्या गप्पांत अजून संपलेला नाही, त्यांच्यासाठी.

वाद जुना असला तरी तो पुन्हा पेटला डिसेंबर २०२४ मध्ये. २१ जानेवारी १९९८ ला सुरू झालेली मालिका ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली होती. सहा वर्षांनी ती परतली, ती या दोघांना एकमेकांसमोर उभं करूनच. काहींना तो पात्रांवर अन्याय वाटला. काहींचं म्हणणं उलट: इतकं जवळचं माणूस असल्याशिवाय असं वैर होतच नाही. दोन्ही बाजूंना पुरावा हवा होता आणि तो जुन्या भागांत आहे. सोनी लिव्ह आणि यूट्यूबवर जुने भाग भरपूर आहेत, हे खरं. पण प्रसारणाच्या दिवशीचा क्रम, जाहिरातींआधी प्रसंग नेमका कुठे तोडला होता ते, पुढच्या आठवड्याची झलक, हे सगळं फक्त घरच्या टेपेत सापडतं.

टेपा चाळताना एवढं लक्षात ठेवा की दया पहिल्यापासून आहे, अभिजीत १९९९ मध्ये आला. त्याआधीच्या कॅसेटीत जोडी शोधू नका.

चाहत्यांचे ढोबळमानाने तीन पंथ आहेत. पहिला भावांचा: एसीपी प्रद्युमन बाप आणि हे दोघं त्याचे मुलगे. इंटरनेटवर ‘ड्युओ’ या नावाने ज्या असंख्य चाहता-कथा लिहिल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक याच घरातल्या. एकाला गोळी लागते, दुसरा रात्रभर इस्पितळात बसतो. दुसरा पंथ बरोबरीच्या सहकाऱ्यांचा. दोघंही सीनिअर इन्स्पेक्टर, कुणी कुणाचा साहेब नाही, म्हणून त्यांच्यात आज्ञा नसते, फक्त खुणा असतात. तिसरा पंथ त्यांच्यात याहूनही जवळचं नातं पाहतो, आणि अभिजीत-तारिका (चाहत्यांचं ‘अभिरिका’) किंवा दया-श्रेया (‘दरेया’) या जोड्या मानणाऱ्यांशी त्याचे खटके उडतात. आमचा कौल दुसऱ्या पंथाला आहे. अभिजीतला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही, हा धागा भावांचा पंथ फार ओढतो: घर हरवलेल्याला दयाने घर दिलं, असं. ते हृद्य आहे. पण पडद्यावर रोज दिसतं ते काम. दयाकडे ताकद आणि खबरी, अभिजीतकडे संशय आणि चौकशी, आणि एकाचं कुठे संपतं तिथून दुसरा न सांगता उचलतो.

पंथ कोणताही असो, पुरावा एकाच जागी असतो. एसीपी झालेले शिवाजी साटम पुढे बोटं फिरवत बोलत असतात आणि मागे हे दोघं उभे असतात. संवाद एसीपींचा, पण चाहते बघतात ती मागची नजर. ती अर्ध्या सेकंदाची असते. म्हणूनच कॅसेट कोण आणि कशी उतरवतो, याला एवढं महत्त्व.

या दुकानाचं सगळ्यात मोठं चांगलं म्हणजे ते चित्राचा आकार बिघडवत नाहीत. जुने भाग ४:३ चौकटीतले आहेत. बरीच दुकानं ते आजच्या टीव्हीवर ‘पूर्ण’ दिसावेत म्हणून १६:९ करतात. कापून केलं तर उंचीतला पाव भाग जातो, ५७६ ओळींतल्या ४३२ उरतात. आणि जातं काय? वरून दयाचं कपाळ, कारण दोघांत तो उंच, आणि खालून हात. चौकशीत दयाचा हात उठतो तेव्हा अभिजीतची बोटं त्याच्या मनगटाशी गेली की नाहीत, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. नेमकी तीच बोटं कापली जातात. ताणून केलं तर चित्र आडवं एकतृतीयांशाने फुगतं आणि दोघांमधली जागाही तेवढीच फुगते. मग ‘या भागात ते लांब लांब उभे आहेत’ असे निष्कर्ष निघतात, जे निव्वळ चुकीच्या सेटिंगमधून आलेले असतात. इथे दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडून ४:३ तसंच ठेवतात. चित्राच्या तळाशी जी फाटकी रेघ थरथरते, ती व्हीसीआरची हेडं बदलताना उमटते. तीही न कापता बघायच्या फाइलमध्ये काळ्या पट्टीने झाकतात.

स्वच्छतेची पद्धतही नीट आहे. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे कॅसेटीला बुरशी ठरलेली. काउंटरवरच ते खिडकीतून स्पूलवर पांढुरकी जाळी आहे का ते पाहतात. असली तर ती कॅसेट मुख्य व्हीसीआरमध्ये घालत नाहीत, कारण बुरशी हेडावर बसून पुढच्या गिऱ्हाइकाची टेपही खराब करते. पाच स्क्रू काढून कवच उघडतात, स्पूलच्या कडा कोरड्या पुसतात, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण सुकू देतात. बुरशी नसलेली टेपही आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळतात. वर्षानुवर्षं उभी-आडवी पडलेल्या टेपेचा ताण असमान झालेला असतो. तो सारखा न करता चालवली तर चित्र डोलतं. घरी कुणी जुना व्हीसीआर काढून ‘एकदा लावून बघू’ म्हणत असेल तर थांबवा. बुरशीची टेप तिथेच चिकटते आणि फाटते.

व्हीसीआरमधून सिग्नल एस-व्हिडिओने (उजेड आणि रंग वेगळे नेणाऱ्या जोडणीने) काढतात, पिवळ्या पिनेने नाही. मधे टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्राच्या ओळींची वेळ सारखी करणारं यंत्र, आहे, त्यामुळे उभ्या कडा वाकत नाहीत, दरवाजाची चौकट सरळ दिसते. ज्या मालिकेत दर दोन भागांत एक दरवाजा तुटतो तिथे हे लगेच जाणवतं.

आता जिथे तुम्हाला तोंड उघडून सांगावं लागेल ते. पहिलं म्हणजे डी-इंटरलेसिंग, एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं. आपलं जुनं प्रसारण पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकी दोन अर्धी, म्हणजे ५० अर्धी. दुकान न सांगता २५ ची फाइल देतं, दोन अर्धी एकात मिसळून. लग्नाच्या वरातीला ते चालतं. इथे नाही. अर्ध्या सेकंदाच्या नजरेत २५ क्षण असतात. मिसळले की साडेबारा उरतात आणि डोळा वळतानाची बुबुळं पुसट डागासारखी दिसतात. ऑर्डरच्या कागदावर ‘५० फ्रेम, ब्लेंड नको’ असं लिहून घ्या. करतात, कुरकुर न करता.

दुसरं, आवाज. ही खरी कमजोरी. टेपेवरची फुसफुस घालवायला ते गाळणी लावतात आणि इतकी जोरात की वाक्याची शेपटं जातात. दया पुटपुटतो ते, अभिजीतचा सोडलेला श्वास, ‘अरे यार’सारखे अर्धे शब्द, सगळं फुसफुशीबरोबर वाहून जातं. न गाळलेला आवाज मागा. फुसफुस कानाला सवयीची होते, गेलेला शब्द परत येत नाही.

तिसरं, त्यांचं ‘एचडी’ पॅकेज. घेऊ नका. एआय वापरून चित्र मोठं करतात, चेहरे गुळगुळीत होतात, आणि डोळ्यांत तपशील नसतो तिथे संगणक तो स्वतः भरतो. ज्या नजरेवरून नात्याचा अर्थ लावायचा ती नजरच नंतर रंगवलेली असेल तर वाद कशावर घालायचा? घरी दाखवायला हौस म्हणून वेगळी प्रत करा हवी तर, पण पुरावा म्हणून ती धरू नका.

फाइल दोन प्रकारच्या मागाव्यात. एक मूळ प्रत, काहीही न गमावता दाबलेली (लॉसलेस), ७२० बाय ५७६, इंटरलेस, म्हणजे अर्धी चित्रं, तशीच ठेवलेली. ती तासाला साधारण २५ ते ३५ जीबी घेते. दुसरी रोज बघायची, जास्त दाबलेली एच.२६४, तासाला दोन-तीन जीबी. म्हणजे एक टीबीची हार्डडिस्क नेलीत तर मूळ प्रतींचे तीसेक तास बसतील. डिस्क आपलीच न्या, त्यांच्याकडच्या महाग पडतात. दर तासावर आहे, कॅसेटवर नाही, तेव्हा ई-१८० (१८० मिनिटांची) कॅसेट एलपीवर, म्हणजे निम्म्या वेगाने, भरलेली असेल तर ती तीन नाही, सहा तासांची निघते, हे आधीच धरा. जाहिराती कापू का, असं विचारतील. मूळ प्रतीत कापू देऊ नका. तारीख लिहिलेली नसलेल्या भागाचा काळ जाहिरातींवरूनच लागतो. फाइलींना ते ‘टेप १, टेप २’ अशी नावं देतात, तेव्हा कॅसेटीवर पेन्सिलने क्रमांक घालून यादी बरोबर द्या. सुरुवातीच्या कितीतरी कथा दोन भागांत होत्या; दोन्ही भाग वेगळ्या कॅसेटीत असतील तर यादीत तेही नोंदवा.

एकच कॅसेट देऊन दुकान पारखायचं असेल तर ७ नोव्हेंबर २००४ चा ‘द इनहेरिटन्स’ द्या, तुमच्याकडे असेल तर. एकशे अकरा मिनिटं, एकही कट नाही. गिनीज बुकात नोंद झालेला भाग. एसपीवर, म्हणजे नेहमीच्या वेगाने, ई-१८० मध्ये सहज बसतो. चाहत्यांच्या वाचनासाठी याच्याइतका प्रामाणिक भाग दुसरा नाही. एरवी दयाने पाहिलं आणि अभिजीतने मान हलवली, हे दोन वेगळ्या वेळी घेतलेले शॉट असू शकतात. नजरानजर संपादकाच्या टेबलावर जुळलेली असते. इथे कॅमेऱ्याला एकाकडून दुसऱ्याकडे वळावंच लागतं. जे दिसतं ते त्या क्षणी दोघांत घडलेलं असतं. दुकानाची ट्रॅकिंग जुळवणी (हेड टेपेवरच्या रेघेवर नेमकं बसवणं) कच्ची असेल तर तीही याच भागात उघडी पडते, कारण मधे कट नसल्यामुळे एकदा सुरू झालेली थरथर लपायला जागाच नसते. चरईतल्या दुकानाचं काम या कसोटीला चित्रात पूर्ण उतरलं, आवाजात गाळणी काढून घेतल्यावर.

बीटामॅक्स आणि व्हिडिओ-८ ते घेत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये बुरशीच्या कॅसेटी उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्या हवेत पुसलेलं सुकत नाही. लग्नसराईत रांग लांबते, म्हणून पावसाळा संपला की लगेच टाका. विक्रीसाठी मालिकांच्या प्रती काढून देत नाहीत, विचारूही नका. तुटलेली टेप जोडून देतात, जोडाच्या जागचे दोन-तीन सेकंद जातात. काम झाल्यावर कॅसेटी परत मागून घ्या, पूर्ण रिवाइंड करून, उभ्या ठेवा, जमिनीलगतच्या खणात नको.