अंगणात क्लोव्हर लावायचं की हरळीच बरी?

हिरवळीचे व्हिडिओ बघून गवताऐवजी क्लोव्हर, म्हणजे जमिनीलगत पसरणारं तीन-तीन पानांचं रोप, लावायचं मनात आलं असेल, तर आधी एवढं बघा: एप्रिलात दुपारी तुमचं अंगण किती तापतं? पांढऱ्या फुलांचं क्लोव्हर थंड हवेतलं. २०-२५ अंशांत ते मस्त पसरतं, पण कोल्हापुरात पारा ३८ कडे सरकला की मान टाकतं. व्हिडिओतली हिरवळ असते तिकडं युरोपात.

गुण मात्र खरे आहेत. भुईमूग उपटल्यावर मुळांवर गाठी दिसतात, तशाच बारीक गाठी क्लोव्हरलाही येतात. एखादी नखानं फोडून बघा. आत गुलाबी निघाली, की हवेतला नत्र मुरवायचं काम चालू आहे समजा. युरियाचा खर्च वाचला. उंचीही वीतभरच, त्यामुळं कापणी क्वचित. हरळीला खतही लागतं, आणि पावसाळ्यात आठवड्याला मशीन फिरवली नाही तर अंगणाचं कुरण होतं.

पण तुडवण्यात हरळीला तोड नाही. पोरं रोज क्रिकेट खेळणार असतील तर क्लोव्हरचा विचारच सोडा. शिवाय फुलं आली की मधमाश्या आल्या, आणि पोरं अनवाणी. उन्हाळ्यात हरळी वाळून पिवळी पडते खरी, पण वळवाचा एक पाऊस झाला की चार दिवसांत फुटते. उसातली हरळी काढून ज्यांची कंबर मोडलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. गणपतीत दूर्वाही घरच्याच. क्लोव्हरची पानंही तीनच, पण ती बाप्पाला चालायची नाहीत!

शेजारी ऊस असेल तर आणखी एक धोका. रुंद पानाच्या तणावर मारतात ते टू-फोर-डी वाऱ्यानं आलं तर हरळीला काही होत नाही, क्लोव्हर मरतं. पाश्चात्त्य देशांत पूर्वी लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मिसळलेलंच असायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही औषधं आली आणि तेच तण ठरलं.

माझं मत विचाराल तर हरळी उपटू नका. ऑक्टोबरअखेर ती बारीक कापून त्यातच क्लोव्हर फेका. १०० चौरस फुटांना २०-३० ग्रॅम बी पुरतं. वाळूत मिसळलं तर सारखं पडतं. हिवाळाभर हिरवं राहील, उन्हाळ्यात गेलं तरी नत्र हरळीला मिळेल. काळ्या रानात पाणी साचत असेल तर मात्र हा नाद नको, मुळं कुजतात. आंब्याखालच्या अर्धसावलीत बारमाही काही हवं असेल तर पिवळ्या फुलांचा पिंटो पीनट लावा. तोही भुईमुगाच्याच कुळातला, आणि आपला उन्हाळा सोसतो.

बी घेताना नीट विचारा. दुकानदार बरसीम देईल. तेही क्लोव्हरच, पण वैरणीचं, गुडघ्याएवढं वाढतं. म्हैस असेल तर खुशाल घ्या. आणि नर्सरीतल्या कुंडीतल्या रोपाचं पान चावून बघा: आंबट लागलं तर ते क्लोव्हर नव्हे, तसंच दिसणारी आंबुशी. तिच्या पानाला बदामासारखी खाच असते, क्लोव्हरचं पान गोल आणि बहुधा मधे पांढरट पट्टा.