बी.एस्सी. नर्सिंग की जीएनएम? सोलापुरात राहून ठरवायचं असेल तर

मे महिन्यातली भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि शेजारच्या वहिनी पदर डोक्यावर घेऊन दारात. "पोरीला नर्सिंगला टाकायचंय. चार वर्षांचं घेऊ की तीन वर्षांचं?" दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. मी स्वतः आधी जीएनएम, म्हणजे तीन वर्षांचं जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी केलं, नोकरी केली, मग पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची बी.एस्सी., करून पदवी घेतली. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे तोंडी जे सांगते ते एकदाचं लिहून ठेवते.

आधी एक गोंधळ निस्तरू. कॉलेज सोलापुरात असलं तरी बी.एस्सी. नर्सिंगची पदवी सोलापूर विद्यापीठाची नसते. अभिमत विद्यापीठं सोडली तर ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९९८ साली झालं, आणि डॉक्टर, दंतवैद्य, नर्स या सगळ्यांच्या परीक्षा तेच घेतं. जीएनएम ही पदविका. तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. मात्र शेवटी दोघीही एकाच दारात येतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे दोघींची नोंदणी एकाच नावाने होते, नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत सुईण. वॉर्डात इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी असलेली सिस्टर पदवीवाली की पदविकावाली, हे पेशंटला कळत नाही आणि त्याला त्याची पडलेलीही नसते.

प्रवेशाच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटा सुरुवातीलाच फुटतात. बी.एस्सी.ला बारावी सायन्स हवं, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के, आणि इंग्रजी पास. शिवाय राज्य सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी. पेपर १०० गुणांचा, तिन्ही विज्ञान विषय, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० गुण. म्हणजे पाचवा भाग इंग्रजीचा, आणि आपली पोरं तिथेच गुण घालवतात. जीएनएमला आर्ट्स-कॉमर्सवालेही चालतात, इंग्रजीसह बारावीला ४० टक्के पुरतात. तेव्हा कॉमर्सच्या मुलीसमोर निवडीचा प्रश्नच नाही, तिने हा लेख 'वॉर्ड'पासून पुढे वाचावा. आणि एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स? ते दोन वर्षांचं, पण त्यावर नोंदणीकृत परिचारिका होता येत नाही. तीन वर्षं घालवणं शक्य असेल तर मी ते सुचवत नाही.

पैशाचं

लोक फीची तुलना करतात आणि तिथेच थांबतात. जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं, म्हणजे आठ सेमिस्टर. फरक फक्त एका वर्षाच्या फीचा नाही. त्या वर्षात जीएनएमवाली कमवायला लागलेली असते, आणि ज्या घरात आई विड्या वळते आणि बाप यंत्रमागावर आहे, तिथे एक पगार वर्षभर आधी सुरू होणं ही मोठी गोष्ट आहे. हे ज्यांना कळत नाही ते सरळ "पदवीच घ्या" म्हणून मोकळे होतात.

पण दुसरी बाजूही बघा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घेतलेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घाईघाईने जागा पकडली की ही माफी गेली. माझ्या ओळखीत एका घराने "सीट जाईल" या भीतीने पहिल्या फेरीआधीच पैसे भरले, आता चार वर्षं हप्ते फेडतायत. खासगी कॉलेजांची बी.एस्सी.ची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. ती छापून हातात घेऊनच कॉलेजच्या ऑफिसात जा. हॉस्टेल, मेस, गणवेश, बस यांचे आकडे वेगळे विचारा आणि लिहून घ्या. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती असते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र कपाटात पडून असतं आणि कुणी अर्जच करत नाही, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

वॉर्ड

माझ्या मते निर्णय इथे होतो, आणि इथेच कुणी बघत नाही.

अभ्यास दोन्हीकडे सारखाच सुरू होतो. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, बेड बनवणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी. बी.एस्सी.त पुढे बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी खोलात येतं, सातव्या सेमिस्टरला संशोधन आणि संख्याशास्त्र, आणि आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं. जीएनएममध्ये वर्षाची परीक्षा, पुस्तक थोडं हलकं, हात जास्त वेळ कामात. हे कागदावरचं. प्रत्यक्षात काय शिकाल ते कॉलेजच्या हॉस्पिटलात किती पेशंट आहेत त्यावर ठरतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलने एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हे प्रमाण घालून दिलंय. तीन पेशंट, तीन खाटा नव्हे. रिकाम्या खाटेवर पांढरीशुभ्र चादर किती का ताणून बसवा, त्यातून सलाईन लावता येत नाही.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅब आणि सरावाचे पुतळे बघून परत फिरू नका. एखाद्या मंगळवारी सकाळी अकराला हॉस्पिटलच्या वॉर्डात डोकावा आणि माणसं मोजा. क्लिनिकल पोस्टिंग कुठे असतं, लेबर रूम चालू आहे का, नाईट लागते का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा, ऑफिसात नको. आपल्याकडे 'सिव्हिल', म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, इतकं भरलेलं असतं की तिथे एका महिन्यात जे दिसतं ते रिकाम्या हॉस्पिटलात वर्षभर दिसत नाही. धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचा पेशंट तिथे येतो.

त्यावरून एक सोलापुरी गोष्ट. परीक्षा इंग्रजीत, पण अक्कलकोटकडची म्हातारी कण्हते कन्नडमध्ये आणि पूर्व भागातली आजी तेलुगूत. पेशंट 'नोवू' म्हणतोय की 'नोप्पी', दुखणं तेच, पण ते पहिल्या हाकेला समजणारी मुलगी वॉर्डात हवीहवीशी असते. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या पोरी इंग्रजीला घाबरून कमीपणा घेतात. त्यांना सांगायचं असतं की बाई, तुझ्याकडे जे आहे ते पुण्या-मुंबईच्या पोरीला क्लास लावूनही मिळत नाही.

नोकरी

राज्य सरकारच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाला दोघीही अर्ज करू शकतात आणि वेतनश्रेणी एकच, ३५,४०० पासून सुरू होणारी. सोलापुरातल्या खासगी दवाखान्यांतही सुरुवातीच्या पगारात मला फारसा फरक दिसलेला नाही. मग पदवीचा फायदा काय?

फायदा दिसतो तो एम्सच्या नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेत. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरची श्रेणी ४४,९०० पासून. बी.एस्सी.वाली पास होऊन नोंदणी झाली की थेट परीक्षेला बसते. जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तीन अधिक दोन, पाच वर्षं. 'एक वर्ष वाचलं' म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे उलटा होतो. आणि अनुभव घेणं वेगळं, त्याचा कागद हातात पडणं वेगळं. मी जिथे काम केलं त्या हॉस्पिटलने अनुभवाचा दाखला द्यायला चार महिने फिरवलं. "साहेब आले की सही होईल." साहेब आले, तोवर एका भरतीची तारीख उलटून गेली होती. दर सहा महिन्यांनी दाखला मागत राहा, नोकरी सोडायची वाट बघू नका.

मुलांसाठी खास. "मुलगा नर्स?" म्हणून नाक मुरडणारे अजून आहेत, पण ब्रदरशिवाय, म्हणजे पुरुष नर्सशिवाय, ऑर्थो आणि कॅज्युअल्टी चालत नाही. नॉरसेटमध्ये मात्र ८० टक्के जागा मुलींच्या, २० टक्के मुलांच्या. इतक्या कमी जागांसाठी झगडायचं तर अनुभवाच्या अटीत आणखी दोन वर्षं अडकू नये. मुलाला सायन्स असेल तर मी बी.एस्सी.च सांगते.

पुढे शिकायचं तर पदवीनंतर एक वर्ष काम करून दोन वर्षांचं एम.एस्सी. जीएनएमवालीला मध्ये दोन वर्षांचं पोस्ट बेसिक लागतं. नोकरी, सासर आणि लहान मूल सांभाळत मी ते केलं. होतं, पण दम निघतो. परदेशाचं म्हणाल तर जर्मनीसाठी पदवी की पदविका यापेक्षा जर्मन भाषेची बी-२ पातळी जास्त आडवी येते.

विजयपूरचा एजंट

सीईटीत गुण कमी पडले की फोन येतो. कर्नाटकात डायरेक्ट ॲडमिशन, हजेरीचं बघून घेऊ. तिकडची चांगली कॉलेजं खरंच चांगली आहेत, पदवी बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते, आणि नोंदणी नंतर महाराष्ट्रात आणता येते. पण आपल्या कॅपमधून प्रवेश नसल्याने वरची फीमाफी नाही. आणि 'हजेरीचं बघून घेऊ' म्हणणारा माणूस तुम्हाला नर्सिंग विकत नाहीये, कागद विकतोय. अशी एक मुलगी आमच्या वॉर्डात रुजू झाली होती. कॅथेटर हातात घेऊन उभी राहिली आणि रडायला लागली. तिचा दोष नव्हता, तिला कुणी पेशंटजवळ उभंच केलं नव्हतं. ओरिजिनल मार्कशीट एजंटच्या हातात तर कधीच देऊ नका.

वहिनींच्या मुलीला मी विचारलं, सायन्स आहे ना? आहे. सीईटी दिलीस? दिली. मग कॅपचा पर्याय अर्ज भर, जिथे वॉर्ड भरलेला दिसेल ती कॉलेजं वर टाक, आणि तीन फेऱ्या होईपर्यंत कुणालाही रुपया देऊ नकोस. नाहीच लागला नंबर तर भरलेल्या हॉस्पिटलातलं जीएनएम घे. रिकाम्या हॉस्पिटलातली बी.एस्सी. संस्थेच्या कोट्यातून कर्ज काढून घेण्यापेक्षा ते मला कधीही चालेल. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आधी दवाखाने हिंडायचे?" हो, आणि सकाळीच निघा, अकरानंतर ऊन सोसत नाही.