१०००/६००० चा जोडदगड: सांधा सुटल्यानंतरचं मत

सुऱ्यांना धार लावायचा माझा जोडदगड होता, म्हणजे एका बाजूला १००० नंबरचा जाडसर कणांचा आणि दुसऱ्या बाजूला ६००० नंबरचा बारीक कणांचा, असे दोन दगड एकमेकांना चिकटवलेले. तो तुटला नाही, झिजून संपलाही नाही. १००० ची बाजू आणि ६००० ची बाजू यांच्यामधला सांधाच सुटला आणि हातात दोन चकत्या आल्या. आत पाहिलं तर चिकटवायचं द्रव्य फक्त कडेकडेने ओढलेलं, दोन पट्टे, मधला सगळा भाग कोरडा. त्या कोरड्या भागात काळा गाळ जाऊन बसला होता. म्हणजे सांध्यात पाणी बऱ्याच आधीपासून शिरत होतं, मला कळलं ते शेवटी.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'दगड ही झिजणारी वस्तू आहे, तिला वॉरंटी लागू नाही.' मी कळवलं की झिजणं वेगळं आणि सांधा सुटणं वेगळं. दगडाची जाडी मोजून घ्या, जेमतेम झिजलाय. मग म्हणाले, तुम्ही पाण्यात भिजवला असेल. अहो, तुमच्याच खोक्यातल्या कागदावर वापराआधी दहा मिनिटं भिजवा असं छापलंय! त्या कागदाचाही फोटो पाठवला. त्यावर पुढच्या खरेदीसाठी सवलतीचं कूपन आलं. ते मी घेतलं नाही. पैसे परत किंवा दगड बदलून, एवढीच माझी मागणी आहे आणि ती रास्त आहे.

आता दगडाबद्दल. १००० च्या बाजूविषयी माझी काहीच तक्रार नाही. आपल्या स्टीलच्या साध्या सुऱ्यांचं पातं मऊ असतं, ते भराभर घासलं जातं. जपानी पद्धतीच्या कडक पात्याला वेळ लागतो, पण बर, म्हणजे घासताना धारेवर वळणारी धातूची बारीक कड, येते. पात्याच्या दुसऱ्या बाजूला अंगठा धारेकडे नेऊन पाहिला की कडेला किंचित खरखर लागते, ती बर. मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली की मगच बाजू पालटायची. कोनासाठी प्लॅस्टिकची क्लिप वगैरे घेऊ नका. पातं पाठीपासून धारेपर्यंत ४५ मिलीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण १२ मिलीमीटर उचलली की १५ अंश होतात, १५ मिलीमीटर उचलली की २० च्या आसपास. एकदा पट्टीने मोजून घेतलं की हात ते लक्षात ठेवतो.

मला खरं बोलायचंय ते सपाटीबद्दल. दगड घेणारा प्रत्येक जण नंबर विचारतो. १००० घेऊ का ३०००, ६००० का ८०००? दगड सपाट किती आहे आणि सपाट राहतो किती, हे कुणी विचारत नाही. मऊ पाणदगड, म्हणजे पाणी लावून वापरायचा असा दगड, मधोमध झिजतो आणि घळ पडते. घळ पडली की सुरी पुढे नेताना सुरुवातीला एक कोन, मध्ये दुसरा, शेवटी तिसरा. तुम्ही हात कितीही स्थिर ठेवा, दगडच कोन बदलतोय. धार येते, पण गोलसर येते आणि चार दिवसांत उतरते. मग लोक सुरीला नावं ठेवतात, पोलादाला नावं ठेवतात. चाकूला थोडी घळ चालते, रंध्याच्या पात्याला चालत नाही, असं जाणकार सांगतात. मला घरच्या चाकूलाही चालत नाही. टोमॅटोवर फरक लगेच कळतो.

उपाय स्वस्त आहे. काचवाल्याकडून जाड काचेचा उरलेला तुकडा आणायचा, कडा घासून घ्यायच्या. त्यावर रंगाऱ्यांचा १२० किंवा २२० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा खरखरीत कागद) ओला करून चिकटवायचा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि पाणी घालत घासायचं. कडेच्या रेघा आधी जातात, मधल्या शेवटी. मधली शेवटची रेघ पुसली गेली की दगड सपाट. मग दगडाच्या चारी कडा जराशा तिरक्या मोडायच्या, नाहीतर टवके उडतात. दगडासोबत मिळणारा तो खाचांचा 'सपाट करायचा दगड' मी काचेवर ठेवून पाहिला, तोच डुगडुगत होता. वाकड्या दगडाने दुसरा दगड सरळ कसा होणार? आणि ही वस्तू खोक्यावर मोठ्या अक्षरांत फुकट म्हणून मिरवतात. मला या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आहे, सांधा सुटण्यापेक्षाही.

६००० बद्दल माझं मत मात्र वापरता वापरता बदललं. सुरुवातीला ती आरशासारखी चकाकी पाहून मी खूश होते आणि हाच दगड घ्या असं मैत्रिणींना सांगतही होते. जपानी मोजणीत १००० चा कण साधारण ११ ते १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आणि ६००० चा २ मायक्रॉनच्या आसपास. फरक मोठाच आहे. पण टोमॅटो, भोपळी मिरची, वांगं यांच्या सालीला बारीक दातेरी धार लागते आणि ती १००० वरच मिळते. ६००० वरून काढलेली मऊ पोलादाची सुरी सालीवरून घसरते. सुरमईच्या पातळ तुकड्या काढायला किंवा कडक पात्याच्या सुरीला ६००० छान, एरवी घरच्या स्वयंपाकात त्याचे पैसे वसूल होत नाहीत. १००० नंतर वर्तमानपत्राची घडी काचेवर ठेवून त्यावर धार उलटी, म्हणजे पाठीकडून, ओढली तरी उरलेली बर निघून जाते. खर्च शून्य. आणि हो, वॉटर पेपरवरचा १००० आणि दगडावरचा १००० एक नव्हे. पी-१००० असा नंबर छापलेल्या कागदाचा कण १८ मायक्रॉनचा असतो.

सुटलेल्या चकत्या पुन्हा चिकटवायच्या नाहीत असं ठरवलं. १००० ची चकती सुताराकडून सागवानी फळीच्या तुकड्यावर बसवून घेतली आणि काम उलट सोपं झालं. जोडदगडात एका बाजूचा जाड गाळ दुसऱ्या बाजूला लागतो आणि बारीक बाजूवर घासताना पात्यावर एकाकी ओरखडे उठतात. आता तो प्रश्नच नाही. म्हणून पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी जोडदगड घेणार नाही, एकच १००० चा सलग दगड घेईन. एका मित्राकडे शॅप्टन या जपानी कंपनीचा कुरोमाकू १००० हा दगड वापरून पाहिला. भिजवावा लागत नाही, पाणी शिंपडलं की झालं, आणि घळ फार हळू पडते. सपाटीच्या बाबतीत तो माझ्या दगडाच्या कितीतरी पुढे आहे, पण किंमत कितीतरी पट. माझी चकती अजून भरपूर उरलीय, ती संपेपर्यंत नवा दगड आणायचा नाही.

ठेवण्याबद्दल एकच. वापरून झाला की धुऊन सावलीत, वारा लागेल असा उभा ठेवा. उन्हात वाळवला तर तडा जाऊ शकतो, ओलाच डब्यात बंद केला तर पावसाळ्यात बुरशी येते. आणि कण मॅग्नेशियाच्या सिमेंटने बांधलेला दगड असेल तर तो भिजत ठेवायचाच नाही, बंध सैल होतो. विकणाऱ्यांनी हे ठळक लिहायला हवं, लिहीत नाहीत.

विळीला यातलं काही चालत नाही. तिथे पातं जागेवर पक्कं आणि दगड फिरवायचा असतो, रुंद पाणदगड हातात धरून ते जमत नाही. आईची विळी मी हार्डवेअरच्या दुकानातल्या करड्या कार्बोरंडमच्या दगडाने घासते, लांबट, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. मिळतो दीडशे रुपयांच्या आत. पात्याला गंजाचे डाग असतील तर आधी चिंचेने पुसून घ्या, मग बारीक बाजूने, पाणी लावत, नारळाच्या खवणीकडून खाली. पोलाद साधं असल्याने धार पटकन चढते. काम झालं की कोरडं पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवा.