कार्ड भरून घ्यावे, की पैसे मोजावे?

काही वर्षांपूर्वीपर्यंत अमळनेरच्या बसस्थानकाजवळील एका मोबाईलच्या दुकानात मी मेमरी कार्ड भरून घेत असे. ‘अहिराणी बी टाकी देऊ का?’ असे विचारून दुकानदार पन्नास रुपयांत शे-दोनशे गाणी आणि दोन-तीन नवे चित्रपट त्यात घालून देई. आता त्या कार्डाची जागा मोबाईलवर येणाऱ्या लिंकने घेतली आहे. ते मनोरंजन फुकट नव्हते, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आले; पैसे मी मोजतच होतो, फक्त ते गाणाऱ्याऐवजी कॉपी करणाऱ्याच्या गल्ल्यात जात होते.

चोरीच्या प्रतीच्या बाजूने सांगितले जाते की मळ्यातून केळीचा घड तोडला तर मालकाचा घड जातो, फाईलची नक्कल केली तर मूळ जागच्या जागी राहते. यात तथ्य आहे. जो तिकीट काढणारच नव्हता, त्याच्यामुळे निर्मात्याचे नेमके किती बुडाले हे सांगणे अवघड आहे. अहिराणी गाण्यांबाबत मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो. यूट्यूबवर नेहमीच्या लांबीच्या व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातींतील वाटा मिळवायचा, तर चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात पाहिले गेलेले ४,००० तास लागतात. धुळ्याच्या एखाद्या तरुणाचे गाणे दुसऱ्याने आपल्या चॅनेलवर चढवले, की तिथले तास मूळ गायकाच्या खात्यात जमा होत नाहीत. म्हणून गाण्यांसाठी मूळ चॅनेलवर जाहिराती सोसून ऐकणे हा पर्याय मला सर्वांत सरस वाटतो. त्याला खर्चही नाही.

चित्रपटांचे गणित वेगळे आहे. चार ओटीटींची वर्गणी एकदम भरणे बहुतेक घरांना परवडत नाही, पण एका महिन्यात एकच घेऊन पुढच्या महिन्यात दुसरी घेता येते. थिएटरचा पर्याय उत्तम, परंतु अनेक मराठी चित्रपट तालुक्याच्या गावी लागतच नाहीत. पैसे द्यायची तयारी असूनही वाट नसेल, तर नक्कल पाहणाऱ्याला चोर म्हणताना माझी जीभ अडखळते. तीच लिंक गटात पुढे पाठवणाऱ्याबाबत ती अडखळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षे कैद आहे, आणि सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३च्या दुरुस्तीनंतर पडद्यावरून चित्रपटाचे चोरून चित्रण करणाऱ्याचा दंड ३ लाखांपासून सुरू होतो.

ज्यांना एकही रुपया द्यायचा नाही, त्यांच्यासाठी निर्वेध वाटही आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरील हक्क संपतो. त्यामुळे १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींची पुस्तके आज कोणीही मोफत वाचावीत आणि वाटावीत. त्यांतील गोष्टी कोणी आज वाचून ध्वनिमुद्रित केल्या असतील, तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा असतो.